हळदीतला माग

हळदीच्या गोदामातून कोणीतरी लंगडत गेलं होतं. बिराप्पानं दाराशी उभं राहून फरशीकडे पाहिलं आणि सवयीनं मनातल्या मनात म्हटलं, उजवा पाय, दुखणं तळव्यात नाही, गुडघ्यातही नाही, वर खुब्यात आहे. फरशीवर हळदीची भुकटी सांडलेल्या पिठासारखी पसरली होती. तिच्यात डावा पाय सरळ उमटला होता, पुढे उजवा, बोटं बाहेरच्या अंगाला वळलेली आणि टाच हलकी, पुन्हा डावा सरळ, पुन्हा उजवा वाकडा. सांगलीत येऊन त्याला चौदा वर्षं झाली होती, मेंढरं सुटली होती, खांद्यावरच्या घोंगड्याच्या जागी डोक्यावर पोत्याची खोळ आली होती, पण जमिनीकडे बघायची धनगराची नजर काही सुटली नव्हती. सुंभ जळतो, पीळ राहतो. मग त्याच्या मनात आलं, की हा माग कुणाचा? सकाळपासून गोदामात तो एकटाच होता. मागाच्या कडेकडेनं तो उलटा चालत गेला, पोत्यांच्या थप्पीला वळसा घालून खिडकीपाशी पोचला, आणि तिथून त्यानं मान वळवून पाहिलं. माग खिडकीपासून निघून दाराकडे जात होता, आणि दारात तो नेमका तिथंच संपत होता, जिथं घटकेपूर्वी तो स्वतः उभा होता.

तो मटकन खाली बसला नाही, कारण गेले कित्येक महिने खाली बसणं हेच त्याला जड जात होतं. त्यानं कोपऱ्यातला खराटा घेतला आणि आपला माग झाडून टाकला, आणि झाडताना मागे मागे सरकत गेला, म्हणजे नवा उमटायला नको. एवढ्यात नानासो आत आला. नानासो हा हरिपूरच्या पेवांवरचा, जमिनीतल्या हळदीच्या कोठारांवरचा मुकादम. माणूस वाईट नव्हता, पण त्याचा प्रत्येक शब्द असा यायचा, की ऐकणाऱ्याला आपण काहीतरी चोरताना पकडलो गेलोय असं वाटावं. "आरं, तू कवापासनं झाडलोट कराय लागलास?" त्यानं विचारलं. बिराप्पा म्हणाला, "धूळ लय झाली हुती." "धुळीत जलम गेला तुझा, आन् आज धूळ दिसली व्हय? बरं, आमुशा झाली की कडंचं पेव फोडायचंय. तीन सालाची हळद हाय त्यात. तूच उतरायचंस." बिराप्पानं मान हलवली. नानासोच्या मागून तो बाहेर पडला तेव्हा त्यानं उजव्या पायाचा अंगठा डाव्याच्या बरोबरीनं नीट समोर धरला. जांघेच्या आत खोलवर कुणीतरी बोट खुपसून पिळावं तसं झालं. नानासो पुढे चालला होता, त्याला काही कळलं नाही.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात, पण हे मांजराच्या पावलानं आलं होतं. शिमग्याला एका पाव्हण्याकडे जेवायला पंगतीत मांडी घालून बसला, आणि उठायला गेला तर जांघेत काहीतरी अडकलं, क्षणभरच, दाराच्या फटीत बोट सापडून सुटावं तसं. पाव्हणा म्हणाला, लाडू जास्त झाले. बिराप्पाही हसला. मग सकाळी परसाकडला उकिडवं बसलं की अडकायला लागलं, मग पेवात बसून पाट्या भरताना, मग धोतराचा काष्टा खोचायला पाय उचलला तरी. उभा राहिला, चालला, की कमी व्हायचं, आणि कमी झालं की तो स्वतःला सांगायचा, काही नाही, वारं धरलंय. आता फरशीवरच्या मागानं ते सांगणं बंद पाडलं. त्याला भीती वाटली, आणि ती कशाची हे त्याला नेमकं ठाऊक होतं. भावाला, आप्पाला, झालं होतं तेच आपल्याला झालं, हाडात क्षय शिरला. हे कळलं तर पेवावर कोण उभं करील? हळद माणसाच्या पोटात जाते. राहत्या खोलीतून लोक बाहेर काढतील, हरणाबाईला, त्याच्या बायकोला, नळावर कुणी घागर लावू देणार नाही. आणि हे सगळं झाल्यावर शेवटी आप्पासारखं वाळून जायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस हे खरं, पण हा राक्षस त्यानं एकदा जवळून पाहिला होता.

आप्पा त्याचा धाकटा भाऊ, दोन वर्षांनी लहान. कवठे महांकाळच्या बाजूची त्यांची मेंढरं दिवाळी झाली की पश्चिमेला निघायची, कराडवरून, कोरेगावावरून पार लोणंदच्या माळापर्यंत, आणि मृगाच्या आधी परत. संसार घोड्यावर आणि माणसं पायी. बिराप्पा वीस वर्षांचा होता आणि माग वाचण्यात बापाच्याही पुढे गेला होता. कुठली मेंढी कशानं मागे पडली, खुरातल्या काट्यानं की सांध्यातल्या दुखण्यानं, हे तो संध्याकाळी वाटेवरच्या धुळीकडे बघून सांगायचा, आणि बाप त्यावर कळपाचं ठरवायचा. "माणूस खोटं बोलंल, जित्राब फसवंल, पर माग खोटं बोलत न्हाई," हे बापाचं वाक्य. त्या वर्षी आप्पा मागे पडायला लागला. त्याचा उजवा पाय बाहेर वळून उमटायचा. बापानं त्याला खुब्यावर दोनदा डाग दिला, विळा लाल करून, मेंढराला देतात तसा, आणि तरी फरक पडेना तेव्हा घोड्यावर बसवलं. कोरेगावच्या अलीकडे एका गावातून जाताना पाण्याला निघालेल्या पोरी एवढा मोठा गडी भांड्याकुंड्यांत बसलेला बघून हसल्या. आप्पा खाली उतरला आणि दिवसभर चालला. संध्याकाळी बापानं विचारलं, "माग काय म्हंतो?" बिराप्पा अर्धा कोस उलटा जाऊन बघून आला. दोन्ही पाय सरळ होते, सुतानं आखल्यासारखे. तो बापाला म्हणाला, "सरळ हाय. सोंग करतंय ते." दुसऱ्या दिवशी घोड्यावर आप्पाच्या जागी दोन नवी कोकरं बसली. पुढे बारा दिवस आप्पा चालला. लोणंदच्या माळावर पोचेपर्यंत त्याची मांडी काठीसारखी झाली होती आणि झोपेत तो किंचाळून उठत होता. कुणाच्या तरी गाडीतून त्याला साताऱ्याच्या दवाखान्यात नेला, तिथल्या डॉक्टरनं हाडाचा क्षय म्हणून सांगितलं, फार उशिरा आणलात म्हणून सांगितलं. पाऊस सुरू व्हायच्या आत तो गेला. बाप त्यानंतर कधी 'माग काय म्हंतो' म्हणाला नाही, आणि बिराप्पानं मेंढरं सोडली. बिराप्पाचं 'सोंग करतंय ते' हे वाक्य ऐकलेला बाप आता नव्हता. म्हणजे ते ठाऊक असलेला जगात एकटा बिराप्पा उरला होता.

आमुशेला पंधरा दिवस होते. ते पंधरा दिवस तो सरळ चालला. चालणं ही करायची गोष्ट असते हे त्याला कधी कळलं नव्हतं, आता प्रत्येक पावलाला ती करावी लागत होती. अंगठा समोर, टाच खाली, तोंड हसतं. गणपतीच्या देवळापासून हरिपूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूला ओळखीची माणसं, आणि त्यांच्यासमोरून जाताना त्याला वाटायचं, सगळी खाली बघतायत. चोराच्या मनात चांदणं. पोत्यांची तोंडं शिवायची सुतळी होती, तिचा एक तुकडा त्यानं कमरेला खोचून ठेवला होता. आडोशाला जाऊन तो सुतळी उजव्या मांडीभोवती धरायचा, गाठ मारायचा, मग डाव्या मांडीला लावून बघायचा. गाठ जुळायची. पण आज जुळली तर उद्याची खात्री काय, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि एकदा गाठ दोन बोटं मागे आली तेव्हा त्यानं ती तीनदा लावून पाहिली. मग त्याच्या लक्षात आलं, की भीतीनं आपणच सुतळी जास्त ओढली. संध्याकाळ झाली की तो उलटा हात मानेला लावायचा. आप्पाला संध्याकाळी ताप चढायचा. मान गरमच लागायची, कुणाची लागत नाही? हरणाबाई हे सगळं बघत होती आणि बोलत नव्हती. ती बोलायची नाही तेव्हा जास्त बघायची. एकदा जेवताना म्हणाली, "आवं, पाय पसरून का जेवाय लागलाय? ताटाकडं पाय करू ने." तो म्हणाला, "मुंग्या येत्यात." ती म्हणाली, "एकाच पायाला?" आणि भाकरी वाढायला उठली.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कणगी. हरिपूरची माती तशी गुणाची, खणावी तशी उभी राहते. वर तोंड एका माणसापुरतं, खाली पोट एखाद्या खोलीएवढं, आतून पाला आणि चटया लावलेल्या, आणि त्यात वर्षानुवर्षं हळद झाकून ठेवलेली. पेव फोडलं की लगेच उतरायचं नसतं. आतली हवा मेलेली असते. तोंड उघडून अर्धा दिवस वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसानं जायचं नाही. त्या दिवशी कंदील विझला नाही. वर दोरीला केरबा होता, बिराप्पाचा जोडीदार, साताऱ्याकडचा, आणि कडेला नानासो. बिराप्पा उतरला. हळद तोंडाच्या थोडी खाली बसलेली, तिच्यावर उकिडवं बसून, मान गुडघ्यात घालून पाट्या भरायच्या, आणि जसजसा ढीग उपसावा तसतसं खाली जायचं. दिवस कलेपर्यंत तो दोन पुरुष खोल गेला होता. वर आभाळाचं ताट राहिलं होतं आणि त्याच्या कडेला केरबाचं डोकं. सत्तराव्या, ऐंशीव्या पाटीला त्यानं पुढे वाकून हात लांबवला, आणि खुबा अडकला. या वेळी तो सुटला नाही. वर उठता येईना, खाली बसता येईना. हलला की जांघेत सुरी फिरायची. कंदिलाची ज्योत त्याला बारीक झालेली दिसली. ती खरंच बारीक झाली होती की डोळ्यांतल्या पाण्यानं तशी दिसत होती, ते त्याला ठरवता येईना. नाकातोंडात हळद, छातीत श्वास अर्धा, आणि वरून नानासोचा आवाज, "काय रं, निजलास का?" ओरडावं असं त्याला वाटलं. ओरडलं तर दोरी येईल, दोरीबरोबर माणूस येईल आणि माणसाला सगळं दिसेल. आप्पा बारा दिवस चालताना ओरडला नव्हता. बिराप्पाच्या मनात हे आलं आणि त्याला इतकी भीती वाटली, की आपण इथंच मरणार आणि ते बरोबरच आहे असं वाटून गेलं. मग तो कुशीवर कलंडला. पाय आपसूक बाहेरच्या अंगाला वळला, आणि त्याच क्षणी अडकलेलं सुटलं. तो हळदीवर पालथा पडून राहिला. श्वास घेतला. पुन्हा दोरी हलली तेव्हा त्यानं ती कमरेला बांधली आणि वर ओरडून सांगितलं, "ओढा. जरा गरगरलंय."

घरी तो सरळ चालत गेला. हरणाबाई दारातच होती आणि तिच्या हातात सुतळी होती, दोन गाठींची. सकाळी धोतर धुवायला घेताना सापडली म्हणाली. "ह्यो काय परकार हाय? कुणी करणी सांगितली काय तुमाला?" बिराप्पा भिंतीला टेकून उभा राहिला. बसायची त्याला आता भीती वाटत होती. मग त्यानं सांगितलं, दुखणं सांगितलं, आप्पाचं दुखणं सांगितलं, फक्त आपलं वाक्य सांगितलं नाही. हरणाबाई रडली नाही. ती थोडा वेळ सुतळी बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "रंगूमावशी डाग लय चांगला देती. बुधवारी येती बाजाराला. खुब्यावर दोन डाग दिलं की वारं बसतंय." बिराप्पाला वास आला. चौदा वर्षांपूर्वीचा, लाल विळ्याचा आणि आप्पाच्या कातडीचा, आणि त्या वासात आप्पाचं तोंड, जे त्यानं दाबून धरलं होतं, कारण धरायचं काम त्याचं होतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, हे तेव्हा कुणाला सुचलं नाही. तो म्हणाला, "डाग नगं." "मग काय कराया पायजे?" "डागाबिगर काय बी कर." हरणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ती केरबाच्या घरी जाऊन आली. केरबाचा थोरला भाऊ पलटणीत होता, त्याचा पाय ज्यानं वाचवला तो डॉक्टर लढाई संपल्यावर नोकरी सोडून सांगलीत आला होता. हंबीरराव नाव. साताऱ्याकडचाच, घरात तीन पिढ्या पलटणीतल्या. बिराप्पाला वाटलं, हे हात दाखवून अवलक्षण. पण बुधवार जवळ येत होता, आणि रंगूमावशीपेक्षा डॉक्टर बरा.

डॉक्टरच्या खोलीत एक उंच लाकडी बाक होतं आणि फरशी स्वच्छ पुसलेली होती. त्या फरशीवर काही उमटणार नाही हे बघून बिराप्पाला बरं वाटलं. हंबीरराव पन्नाशीचे, टक्कल पडलेले, आवाज हळू. "चाल बघू, त्या भिंतीपत्तूर जा आन् माघारी ये." बिराप्पा चालला. अंगठा समोर, टाच खाली. डॉक्टर त्याच्या पायाकडे बघत नव्हते हे त्याच्या परत येताना लक्षात आलं. ते त्याच्या तोंडाकडे बघत होते. "रोज असाच चालतोस, का मला दाखवाय?" त्यांनी विचारलं. "लढाईत माझं कामच ते हुतं," डॉक्टर म्हणाले, "सोंग कोण करतंय ते हुडकायचं. पयलं वरीस मी पायाकडं बघायचो. लंगडणारं सगळं मला सोंगाडी वाटायचं. मग कळलं, लंगडायचं सोंग करणारा एखादाच आस्तो. न लंगडायचं सोंग करणारं पलटणभर आस्त्यात. सरळ चालतोस खरा, पर दात बघ कसं आवळल्यात. पाय खोटं बोलतोय तुझा, तोंड न्हाई बोलत."

कोरेगावच्या वाटेवरची ती संध्याकाळ, तिरपं ऊन, आणि धुळीत सुतानं आखल्यासारखी दोन पावलं बिराप्पासमोर होती. अर्धा कोस तो उलटा गेला होता. मागाला सगळं विचारलं होतं. आप्पा तीस हातांवर घोंगड्यावर पडला होता, त्याला काही विचारलं नव्हतं. त्याच्या तोंडाकडे तर त्यानं पाहिलंच नव्हतं. त्या सरळ मागातलं एकेक पाऊल कसं टाकलं असेल हे त्याला आता ठाऊक होतं, गेले पंधरा दिवस तो तेच शिकत होता. तो सरळ माग हेच सोंग होतं, आणि आधीचे सगळे वाकडे खरे होते.

"कुठं दुखतंय, एका बोटानं दाखव," डॉक्टर म्हणाले. बिराप्पाला बोटानं दाखवता येईना. त्यानं मेंढी कमरेत धरावी तसा आपला खुबा पंजात धरला, अंगठा मागे, चार बोटं जांघेत. डॉक्टरांनी मान हलवली, जणू तो हात त्यांनी आधी पुष्कळदा पाहिला होता. मग हरणाबाईकडे वळून विचारलं, "बाई, हा झोपेत ओरडतो का?" "न्हाई. घोरत्यात." "संध्याकाळी ताप येतो?" "न्हाई. पर सारखा मानंला हात लावून बघत्यात." डॉक्टरांनी त्याला बाकावर निजवलं, दोन्ही मांड्या फितीनं मोजल्या, पाय लांब ठेवून लाटण्यासारखा इकडून तिकडं लोळवला. दुखलं नाही. बाजूला नेला, दुखलं नाही. मग गुडघा पोटाकडे आणला आणि पाय हळूच आतल्या बाजूला वळवला. बिराप्पाच्या तोंडून "आई" निघालं. "हेच," डॉक्टर म्हणाले आणि लगेच पाय सोडला. "क्षयाचा सांधा सगळ्या अंगानं धरतो, कुठंच हलू देत न्हाई. तुझा ह्या एका वळणालाच थटतोय. माझी खात्री हाय, तरी मिरजंला जाऊन हाडाचा फोटू काढून आण."

फोटो आला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि काडीनं दाखवलं. खुब्याच्या वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा बसलेला, आणि गोळ्याच्या खाली जिथं मान बारीक हवी तिथं हाडाचा एक उंचवटा. "हे लहानपणापासनं आसंल, वाढत्या वयात लय बसउठ केली की हुतं. दार पुरतं उघडलं की भिताडाला थटतं, तसं. तू उकिडवा बसलास की हाड वाटीच्या काठावर थटतंय, आन् रोज रोज थटून काठ दुखावलाय. साहेबांच्या मुलखात ते कापून घासून काढत्यात. तुला त्याची गरज न्हाई. दार कमी उघडायचं." मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, परसाकडला दोन्ही बाजूंना विटा रचून उंच बसायचं, महिनाभर ओझं नाही, रोज पालथं निजायचं आणि कुशीवर निजून वरचा पाय सरळ उचलायचा, वीस वेळा. "आन् पाय बाहेर वळतोय तर वळू दे. त्यो आजार न्हाई, पायाची अक्कल हाय ती." हरणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. बिराप्पानं विचारलं, "मरत न्हाई न्हवं ह्यानं?" "ह्यानं कोण मरतंय." मग चौदा वर्षांत कुणाला न विचारलेलं त्यानं विचारलं, "माझ्या भावाला ह्यो क्षयच हुता. येळंवर कळलं असतं तर काय केलं असतं तुमी?" डॉक्टर फोटो पाकिटात घालत होते. ते म्हणाले, "सहा म्हैनं, वरीस, निजवून ठिवला असता. पायाला वजन बांधून. खात्री कुणाचीच न्हाई, पर काय जण वाचत्यात. त्याला चालवाय तेवढं नगं हुतं." बिराप्पा "व्हय" म्हणाला. बाहेर आल्यावर हरणाबाई म्हणाली, देवानं वाचवलं. तो तिच्याकडे बघून पुन्हा "व्हय" म्हणाला. भीती गेली होती, आणि तिच्याखाली इतके दिवस जे झाकलेलं होतं ते उघडं पडलं होतं.

आठ दिवसांनी पुढचं पेव फोडलं. बिराप्पा गेला, फोटो घेऊन गेला. नानासोनं तो उन्हाकडे धरला, उलटा धरला, केरबाला दाखवला आणि परत दिला. "ह्यात भूत दिसतंय मला," तो म्हणाला. "ताप न्हाई, पाय वाळला न्हाई, सूज न्हाई. आरं, परवापत्तूर तर खडखडीत सरळ चालत हुतास माझ्याम्होरं." मग केरबाकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सोंग करतंय गड्या हे." बिराप्पाला वाटलं, हा आवाज आपला आहे. वीस वर्षांचा, बापापुढे हुशारी दाखवणारा, त्या धुळीतून परत येऊन बोललेला. क्षणभर त्याच्या अंगात आलं, की दोरी घ्यावी आणि उतरून दाखवावं. उजवा पाय तर आपोआप सरळही झाला, अंगठा समोर, दात आवळलेले. पेवाच्या तोंडाभोवती हळद सांडली होती, पिवळी, मऊ, पाय टाकला की उमटेल अशी. बिराप्पानं दात सोडले आणि पाय सोडला. पाय बाहेर वळला. तसाच, घाई न करता, तो सगळ्यांच्या समोरून त्या हळदीतून चालत गेला, पलीकडे पोत्यांची थप्पी होती तिथपर्यंत, आणि उंच जागा बघून वर बसला.

"न्हाई नानासो," तो म्हणाला. "सोंग परवापत्तूर हुतं. आताचा माग खरा हाय."

नानासो खाली हळदीकडे बघत राहिला. त्याला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण तो पुन्हा सोंग म्हणाला नाही. मग केरबाला म्हणाला, तू उतर, दोरीला ह्याला बसू दे. कंदील खाली सोडला, ज्योत राहिली. केरबा उतरला. बिराप्पा दोरी धरून बसला, पाट्या येत राहिल्या, दोघं गडी त्या वरच्यावर उचलून नेत राहिले. पन्नासेक पाट्या झाल्यावर त्यानं दोरी थांबवली आणि खाली हाक मारली, "केरबा, कुठं दुखत न्हाई न्हवं?" खालून घुमल्यासारखा आवाज आला, "न्हाई रं. बरा हाय की." बिराप्पानं ते ऐकून घेतलं. पण वर आला की त्याच्या तोंडाकडे एकदा बघायचं, असं त्यानं ठरवलं आणि पुन्हा दोरी सोडली.